पहारीला कान

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेला ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी येतं. जमिनीखालून गेलेली ती पाइपलाइन पाच घरांची. टाकली माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी. नकाशा वगैरे कुणी काढला नाही. लाइन फुटली की मामा पहार जमिनीत टेकवणार, तिच्या टोकाला कान लावणार आणि बोट दाखवणार. त्याशिवाय कुणी फावडं मारायचं नाही, हा पाचही घरांचा रिवाज.

मी वाईची. नवरा फौजेत, त्यामुळं गेली बारा वर्षं मोटर, व्हॉल्व्ह, ठिबकच्या चोंदलेल्या नळ्या, सगळं माझ्याच गळ्यात. दर आठवड्याला काहीतरी निखळतंच. खरं सांगते, मला त्या पाइपांचा वीट आला होता.

या वर्षी नेमकं मणी फुगायच्या दिवसांत बागेत पाणी चढेना. आता पाणी चुकलं की मणी बारीकच राहणार आणि वर्षभराची मेहनत मातीत. आमची जमीन काळी, भेगाळलेली. फुटलेल्या पाइपाचं पाणी वर न येता आतच जिरतं. मामांनी कान लावला, बोट दाखवलं. पाच माणसं दिवसभर खपली. पाइप धडधाकट, भोवतीची माती कोरडी. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला होता, पण सासऱ्यांना तोंडावर काय बोलणार? पदर खोचून मीही माती ओढत राहिले.

चौथ्या जागी मामा कान लावून बसले आणि विहिरीवरची मोटर बंद पडली. लाइट गेली होती. पाइपातून थेंबही वाहत नव्हता. मामा वाकलेलेच. मग मान हलवून म्हणाले, "हितं वाजतंय. खणा."

कुणी कुणाकडं बघेना. शेवटी माझा चुलतदीर म्हणाला, "खणा की गड्यांनो, सांगितलंय न्हवं." आणि ते शहाणे खरंच खणायला लागले! जोड उघडा पडला. तोही कोरडा.

मी फावडं टाकलं आणि जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "मामा, मोटर बंद हाय."

"कवा?"

"आवं, मगाशीच. तुमी कान लावला तवा."

ते बांधावर बसले. "मानसं वरडून बोलल्याली कळत्यात. पाण्याचं कवाच ऐकू येईना झालंय. तू घरात आलीस त्याच्याबी आधीपास्नं."

"मग इतकी वर्सं कसं सापडत हुतं?"

"समदे जोड मीच मारल्यात. कुठला कच्चा ऱ्हायलाय ते ध्यानात हुतं. आता तेबी सुटाय लागलंय."

मला त्यांचा राग आला, दया आली, आणि दोन्हींचा थकवाही आला.

तासाभरानं लाइट आली. पाइप वीस फुटी, म्हणून उघड्या जोडापासून पावलं मोजत मी पुढच्या जोडावर पहार टेकवली. काही नाही. त्याच्या पुढच्यावरही नाही. तिसऱ्यावर ऐकू आलं. मी हात केला तशी माणसं फावडी घेऊन निघाली. त्यांच्या आधी मामा येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले.

"कसं वाजतंय गं?"

"तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर चरचरतंय तसं. पन थांबत न्हाई."

"व्हय, तसंच वाजायचं," ते म्हणाले. "अजून सांग."