दाराजवळची खुर्ची

"दार उघडं हाय ना, माय?"

पीडीएफ काढायच्या आधी मामा हे विचारणार म्हणजे विचारणारच. दार त्यांच्या हाताशी, सताड उघडं, बारा महिने गल्लीतली धूळ आत घेणारं. तरी विचारायचे. मी "उघडंय" म्हटलं की खुर्ची तिरकी करायचे, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकायचे आणि मग कुठे एक्स्पोर्टचं बटण दाबायचे. तुम्ही आमच्या दुकानासमोरून कधी गेला असाल तर तो पाय पाहिला असेल. काळी चप्पल, अंगठा नवा शिवलेला. मशीनला धूळ लागते म्हणून आम्ही सगळे चपला बाहेर काढायचो. मामांची चप्पल मात्र कायम पायात, आणि भाईंनी त्यांना कधी टोकलं नाही.

भाई म्हणजे आमचे मालक. लातूरला क्लासेसच्या गल्लीमागे त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. वडिलांच्या काळी तिथेच छापखाना होता आणि मामा त्यात खिळे जुळवायचे, गावाहून एसटीनं जाऊन-येऊन. पुढे क्लासेस वाढले, नोट्स वाढल्या, टेस्ट सिरीज आल्या. भाईंनी खिळे मोडीत घातले आणि कॉम्प्युटर आणले. दुकानाच्या डोक्यावर मजले चढवून पोरींचं होस्टेल काढलं. मामा नव्या मशीनवर काम शिकले, पण त्या स्लॅबखाली आतल्या खुर्चीवर काही बसले नाहीत. दाराजवळची खुर्ची त्यांची. तिथे ऊन यायचं, स्क्रीन नीट दिसायचा नाही, डोळे बारीक करून काम करायचे पण जागा सोडायचे नाहीत.

त्यांच्या टेबलावर एक तांब्या आणि तांब्यावर एकावर एक दोन पेले, पालथे. पाणी प्यायला नव्हेत ते. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघर लोक उशाशी अशी भांडी रचून झोपायचे, जमीन हलली की ती पडून जाग यावी म्हणून. बाकीच्यांनी वर्षा-दोन वर्षांत भांडी मांडणीवर नेऊन ठेवली. मामांनी ठेवली नाहीत. वरच्या पोरी धडधड जिना उतरल्या की पेले किणकिणायचे आणि मामांचा दुसरा पायही बाहेर जायचा. मी म्हणायचे, "मामा, काडीसारख्या पोरी आहेत, त्यांच्यानं कुठला स्लॅब पडतोय." तेही हसायचे. "तू कंधारची गं, तुला काय कळतंय."

मी कंधारची, हे खरं. भूकंप म्हणजे आमच्याकडे फळीवरचे डबे खडखडले, आई देवाचं नाव घेत अंगणात आली, संपलं. लातूरला नांदायला आले आणि भीती इथे येऊन शिकले. जमिनीतून जरा घुर्र झालं की सासूबाई गॅस बंद करून बाहेर, त्यांच्यामागे मी. पहिल्यांदा लाजत बाहेर पडायचे, पुढे धावत.

मामांची बायको आणि मुलगी भूकंपात गेल्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मामा कसे वाचले ते कुणी विचारलं नव्हतं. असलं विचारत नसतात.

दुसरी भीती त्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते. मजकूर बसला, फोटो बसले की स्क्रीनवर पुस्तक कसं गोजिरं दिसतं. पण छापखान्याला स्क्रीन चालत नाही, पीडीएफ लागते. ती काढायला बटण दाबलं की एक निळी पट्टी हळूहळू भरत जाते. भरली तर भरली. नाहीतर मध्येच थबकते, आतला पंखा घोंघावतो आणि सगळी खिडकीच एकदम नाहीशी होते. ना निरोप, ना कारण. केलेलं काम आहे की गेलं, काही कळत नाही.  

अशा वेळी मी घायकुतीला येऊन भलतीच बटणं दाबायचे. मामा ओरडायचे नाहीत. "थांब माय. अर्धं-अर्धं कर." पुस्तकाची पुढची अर्धी पानं वेगळी काढून बघायची. ती निघाली तर दुखणं मागच्या अर्ध्यात. त्याचं पुन्हा अर्धं करायचं. असं करत एका पानाशी यायचं, आणि मग त्या पानावरची एकेक वस्तू उचलून दर वेळी बटण दाबून बघायचं. तिथे त्यांचा एकच हट्ट. "वरचं आधी काढ. खालून ओढू नको." पानावर फोटो, फोटोवर पट्टी, पट्टीवर नाव अशी चळत असते. खालचं आधी काढलं काय नि वरचं काय, सॉफ्टवेअरला फरक पडत नाही. पण मी खालच्या चौकटीला हात घातला की मामांच्या कपाळावर घाम यायचा. मला वाटायचं, खिळे जुळवणाऱ्या माणसाची जुनी सवय असेल.

तर एका वर्षी निकाल लागला आणि एका मोठ्या क्लासचं यशाचं पुस्तक आमच्याकडे आलं. डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो, खाली नाव आणि गाव. दुसऱ्या दिवशी सत्कार, आईबाप गावोगावहून येणार, म्हणून संध्याकाळच्या आत पीडीएफ छापखान्यात पाहिजे. त्या क्लासच्या जिवावर आमचं दुकान चालायचं. हे काम चुकलं तर पुढचं येणार नाही, असं भाईंनी सकाळीच बजावलं होतं. आणि पानं लावली होती मी.

जेवणं झाल्यावर बटण दाबलं. पट्टी अर्ध्यावर आली आणि खिडकी गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. मशीन बंद करून चालू केलं, फाइल नव्या नावानं ठेवली, फॉन्ट काढून परत घातले. दर वेळी तिथेच.  माझं मशीन दुकानाच्या पार आत, भिंतीला लागून. एवढे फोटो तेच पेलायचं. मामा दारातूनच सांगत होते, अर्धं कर, आता त्याचं अर्धं कर, आणि मी रडवेली होऊन करत होते. शेवटी एक पान सापडलं, आणि त्या पानावरचं वरून एकेक काढत गेल्यावर एक फोटो सापडला.

हिमायतनगरकडची मुलगी. दोन वेण्या, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, फोटोवाल्याला भ्यायल्यासारखी नजर. तिला काढलं की पुस्तक सरळ निघायचं, घातलं की बंद पडायचं. फोटोची फाइलच कुठेतरी बिघडली होती. उघडायची, पण नव्यानं जतन होत नव्हती. क्लासच्या हापिसात विचारलं. दुसरा फोटो नव्हता, आणि मुलगी गावी.

भाईंनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, तिच्या जागी क्लासचं बोधचिन्ह टाका आणि मोकळे व्हा. "एका पोरीनं काय आसमान कोसळतंय का?"

भाई वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. आम्ही सगळेच घाबरलो होतो. मामा उंबऱ्यात उभे राहून स्क्रीनकडे बघत होते.

"पोरगी सोडून न्हाई निघायचं," ते म्हणाले. आणि उंबऱ्यात चप्पल काढून आत आले.

मला म्हणाले, तू ऊठ, माझ्या खुर्चीवर जाऊन बस. मी बसले. मामांनी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर ते सगळे मजले घेऊन काम सुरू केलं. फोटो जतन होत नव्हता, पण डोळ्याला तर दिसत होता. तो त्यांनी स्क्रीनभर मोठा केला, स्क्रीनचंच चित्र धरलं आणि त्यातून मुलगी कापून घेतली. छापून ती बोटाच्या पेराएवढीच दिसणार होती, चालण्यासारखी होती. जुनी चौकट काढून तिथे ही बसवली. वरचं आधी काढून, अर्थात.

"दार उघडं हाय ना, माय?" त्यांनी आतून विचारलं. मी दारातच बसले होते. उघडंय म्हटलं. त्यांनी बटण दाबलं.

पट्टी सरकायला लागली आणि जमिनीतून आवाज आला.

लांबून आल्यासारखा घुर्र आवाज, मग तळपायाला थरथर. तांब्यावरचे पेले फरशीवर पडले. मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. गल्ली माणसांनी भरली होती. कणकेचे हात तसेच घेऊन आलेल्या बाया, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी. लातूरकर कोण आणि बाहेरचं कोण, ते अशा वेळी कळतं. वरच्या गॅलरीत धर्माबादच्या पोरी पुस्तकं हातात धरून विचारत होत्या, काकू, काय झालं. मी किंचाळले, अगं खाली या. आणि मान खाली केली तर उंबऱ्यात मामांची चप्पल.

जन्मात इतकी भ्याले नव्हते. नेहमी पहिला बाहेर असणारा माणूस आत होता. दारापर्यंत गेले, पुढे पाय उचलेना. मामा टेबल दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाठ थरथरत होती, शर्ट घामानं चिकटला होता. पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे.

"मामा, बाहेर या. मामा."

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"निघू दे तिला," म्हणाले.

मी उंबऱ्यात उभी. ना आत, ना बाहेर. मागून भाई हाका मारत होते. पट्टी थांबली असं वाटलं, मग सरकली, मग भरली. पीडीएफ उघडून मामांनी ते पान काढलं, मुलगी आहे हे पाहिलं आणि उठायला गेले. टेबल सोडलं तसे परत खुर्चीत बसले. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. भाईंनी एक दंड धरला, मी एक, आणि त्यांना पायरीवर आणून बसवलं.

तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली. मागच्या गल्लीत नव्या होस्टेलचं बोअर पाडून राहिले, खाली काळा पाषाण लागला. झालं, सगळी गल्ली स्वतःलाच हसत घरोघर गेली. मामाही हसायला लागले. हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा ते रडत होते.

"म्या दाराजवळ झोपलो व्हतो, माय," ते म्हणाले. "उकडत व्हतं म्हून. हललं तसा पळालो. भाईर आल्यावर कळलं, म्या एकटाच आलो."

बाकीचं त्यांनी तुटक-तुटक सांगितलं. बायकोचा आवाज आलाच नाही. मुलीचा येत होता, दगडामातीखालून, चांगला येत होता. शेजारचे धावून आले. पोरीला आधी हवा मिळावी म्हणून घाईघाईनं खालचे दगड ओढले, आणि वरचं सगळं खाली बसलं. त्यानंतर आवाज नव्हता. एवढं सांगून त्यांनी पाणी मागितलं. मी आत जाऊन फरशीवरचा पेला उचलला, विसळला आणि त्यातच पाणी दिलं. भाई तोंड फिरवून उभे होते.

पुस्तक वेळेवर छापलं. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा दाराजवळच्या खुर्चीवर, पाय बाहेर, तांब्यावर पेले. त्यांची भीती काही गेली नाही. मी चिडवायचं मात्र सोडलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा आजारी पडले. सरकारी दवाखान्यात नेलं. मी सिस्टरच्या हातापाया पडून त्यांना वॉर्डात दाराजवळची खाट मिळवून दिली. त्यांच्यासाठी एवढंच मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर त्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा, आणि मामा पार आत, भिंतीला. मी सिस्टरवर भडकले. ती म्हणाली, बाई, त्यांनीच हट्ट करून बदलून घेतली.

"त्येला पळता येत न्हाई," मामा मला म्हणाले. "त्येला दाराजवळ असू दे." मग जरा वेळानं, डोळे मिटूनच, "दार उघडं हाय ना, माय?"

मी मान वळवून पाहिलं. डासांसाठी दार लोटलेलं होतं. उघडंय म्हटलं, आणि जाऊन खरंच उघडलं.

ते त्याच आतल्या खाटेवर गेले. निरोप आल्यावर मी पोचले तेव्हा खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली. वॉर्डाचं दार मात्र सताड उघडं, आणि ते मिटू नये म्हणून त्याला पाण्यानं भरलेला तांब्या लावलेला. दाराजवळचा म्हातारा म्हणाला, ते सारखं विचारायचे हो, म्हणून मी माझा तांब्या लावून ठेवला.