आईने गायलेली दादाची ओवी

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. भुतंखेतं, आत्मे... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण ती ओवी ऐकणारी मी एकटीच उरलेय.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची गोष्ट. परळला चाळीतल्या एका खोलीत आम्ही तिघं – आई, मोठा भाऊ वसंत आणि मी. आईला आज डिमेन्शिया म्हणतात तो झाला होता. शेजारी म्हणायचे, "म्हातारीचं डोकं गेलं." ती आम्हाला ओळखायची नाही, जेवायची नाही. पण दादाने ओवी म्हटली की शांत व्हायची, घास घ्यायची, कधी ओळ स्वतःच पुरी करायची. दादा गिरणीत होता. गाणीही रचायचा.

एका मोर्चात गोळीबार झाला... दादा गेला.

आईला सांगितलं नाही. सांगून तिला काय कळणार होतं? पण तिने खाणं सोडलं. मी ओव्या म्हणून बघितल्या – आवाज बेसूर, त्यात रडू फुटायचं. ती तोंड फिरवायची.

पाचव्या दिवशी, भर दुपारी मी भात कालवत होते. आई आपणहून गाऊ लागली...

"माये, दार उघड, आलो मी उन्हातून,
मुंबई तुझ्या ओटीत घालतो गं आणून.
उशीर झाला तर ठेव ताट माझं झाकून..."

ही ओवी मी कधीच ऐकली नव्हती. मग तिने माझ्याकडे बघून तिच्या मालवणी बोलीत विचारलं, "वसंत जेवलो काय गो?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव!

"हो आई, जेवला," मी म्हटलं. मग तीही जेवली.

तेराव्याला दादाचा मित्र सदानंद लालबागहून आला. हातात एक कागद.

"त्या दिवशी सकाळी माझ्या खोलीवर बसून लिहिलं गं त्याने. तिथूनच आम्ही मोर्चाला गेलो. कुणाला ऐकवलंही नाही."

कागदावर पहिल्या दोन ओळी होत्या – शब्दन् शब्द त्याच. तिसरी नव्हती.

"तिसरी सुचत नाही म्हणत होता," सदानंद म्हणाला.

आईला ती ओवी, तीही तिसऱ्या ओळीसकट, कुठून आली? मी खूप डोकं लढवलं. पुढचे सहा महिने, आई जाईपर्यंत, तीच ओवी म्हणत मी आईला भरवलं. माझ्या बेसूर आवाजालाही ती तोंड उघडायची. त्याचं नाव मात्र तिने पुन्हा कधी घेतलं नाही.