गृहभेटीला कोण जाणार

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि कुवेंपुनगरात कायमची रुजले. वीस वर्षं एकच काम करते. मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांच्या घरी जायचं, गप्पा मारायच्या, घर मायेचं आहे का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. आम्ही याला गृहभेट म्हणतो. लोकांच्या घरची कॉफी पिऊन पिऊन माझं पित्त वाढलं, पण कामावरचा जीव काही कमी झाला नाही.

मागच्या वर्षी माझ्या हाताखाली एक मुलगी आली. हल्याळकडच्या जंगलातली सिद्दी. तिचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून इथे आणलेले. आता घरात कोकणी, शाळेत कन्नड आणि हल्याळच्या बाजारात शिकलेलं मराठी. समाजकार्याच्या पदवीला पहिला वर्ग. पण लोकांना दिसायचे ते तिचे कुरळे केस आणि काळा रंग. पहिल्याच गृहभेटीला माझ्यासोबत आली, तर वॉचमननं तिच्याकडे पासपोर्ट मागितला. दुसऱ्या घरी एकटी गेली, तर तिथल्या बाईंनी तिला इंग्रजी फाडत दारातूनच परतवून लावलं आणि ऑफिसला फोन केला, "आपल्यातलं कुणी पाठवा ना." आपल्यातलं म्हणे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईंना मी फोनवर चांगलं झापलं.

आणि मग मी एक शहाणपणा केला. तिला म्हटलं, "बाहेर ऊन काय कमी आहे? तू फायलींचं बघ, घरं मी बघते." ती "बरं अक्का" म्हणाली. सहा महिने ती टेबलाशी बसून माझे अहवाल टाइप करत होती आणि मी स्कूटरवरून गावभर फिरत होते. पोरीला कसं जपतेय मी, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटत होते.

तिला नोकरीत कायम करायची वेळ आली तेव्हा आमच्या मोठ्या मॅडमनी तिची फाइल उघडली. स्वतः केलेल्या गृहभेटी : शून्य. "हिला बाहेरचा अनुभवच नाही. कशी कायम करू? महिनाअखेरीला सोडू या हिला," असं त्या मला म्हणाल्या.

मी तरातरा तिच्या टेबलापाशी गेले. "अगं, बोलली का नाहीस मला?" वर माझाच आवाज चढलेला.

तिनं टायपिंग थांबवलं. "काय बोलू अक्का? तुम्ही मला उन्हापासून वाचवत होतात. माझ्या या रंगाला ऊन आणखी काय करणार होतं?" हसली, मग हसू गेलं. "त्या बाईंनी मला एकदा परत पाठवलं. तुम्ही मला रोज आत बसवलंत."

अय्यो, काय लागलं म्हणून सांगू! आधी रागच आला, खरं सांगते. एवढं करून वर हे ऐकायचं? घरी भेंडी चिरताना सुरी आपटत होते. नवरा म्हणाला, "त्या भेंडीनं काय घोडं मारलंय तुझं?" त्याला सगळं सांगायला गेले आणि सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं की ते शून्य तिचं नाही, माझं आहे. त्यांनी एक संधी दिली. एक भेट, एक अहवाल, सगळं तिनं करायचं. मी सोबत जायचं, पण तोंड उघडायचं नाही. हे त्यांनी दोनदा बजावलं, मला ओळखतात.

घर निघालं चामराजपुरममधलं, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी शिंप्यांचं. पुढे दुकान, मागे घर. नवरा-बायको चाळिशीच्या आतबाहेरचे, आणि घरात सासूबाई. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमीच विचारा की मॅडम. स्वल्प कॉफी घेऊन विचारा." मी कॉफी घेतली आणि गप्प बसले. कशी बसले ते माझं मला ठाऊक.

तिनं वही मांडीवर घेतली. आजारपणं, कामाच्या वेळा, मूल कोण सांभाळणार, सगळं व्यवस्थित विचारलं. शेवटी रंगाचा प्रश्न आला. हा प्रश्न मी वीस वर्षं एकाच चालीत विचारलाय. "रंगाची काही अट?" "छे छे, तसलं काही नाही," असं सगळेच म्हणतात, मी "अट नाही" लिहिते आणि पुढे जाते. त्या घरातही तेच उत्तर आलं. पण तिनं ते लिहिलं नाही. सूनबाईंकडे बघून मराठीत म्हणाली, "वहिनी, बाळ माझ्यासारखं असलं तर?"

सासूबाईंनी उगीच पदर सावरला, नवरा फरशीकडे बघू लागला. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली, चारही गिळली. सूनबाई मात्र तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मला चालंल. पण लोक त्याला बोलतील तेव्हा काय करायचं, ते मला गोत्तिल्ला. माहीतच नाही बघा. तुमच्या आईनं काय केलं?"

मग दोघी तासभर बोलत बसल्या. निघताना सासूबाईंनी तिला थांबवून घेतलं आणि कॉफीत साखर किती लागते ते विचारलं.

अहवालात तिनं रंगाविषयी दीड पान लिहिलं. सासूबाई बिचकल्या ते लिहिलं, सूनबाईंचा प्रश्नही लिहिला, आणि खाली शेरा : घर योग्य आहे. मोठ्या मॅडमनी तो दोनदा वाचला आणि तिच्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही केली. मला इतका आनंद झाला की सगळ्या ऑफिसला मिरचीची भजी मागवली, पित्ताची पर्वा न करता.

संध्याकाळी बसस्टॉपवर मी तिला विचारलं, "त्या दिवशी तसं विचारताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. त्या नको म्हणाल्या असत्या तर मला समोर बसून ऐकावं लागलं असतं."

"मग कशाला विचारलंस, बाई?"

"मी ऐकलं असतं आणि माझ्या घरी गेले असते, अक्का," ती म्हणाली. "न विचारता दिलेलं बाळ त्याच घरात राहिलं असतं."