काकांचा प्रशियातला जिल्हा

अमेरिकेतल्या कॅरी गावात बसून प्रशियातल्या जिल्ह्याचा कारभार पाहणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या शेजारी राहतो. काका आयटीतले, मूळचे वऱ्हाडातले. जुन्या सामानाच्या एका गराज सेलमध्ये त्यांना जर्मनीच्या जुन्या प्रशिया राज्यातल्या एका खेडवळ जिल्ह्याचा नकाशा मिळाला आणि ते त्या जिल्ह्याचेच झाले. तो जिल्हा कधीच मोडीत निघाला, राज्यही उरलं नाही. पण त्याचं ठाणं कुठून कुठे हललं, कुठली गावं शेजारच्या जिल्ह्यात ढकलली, हे काका वरणभात कालवता कालवता सांगत. गणपतीत कुणी भाबडेपणाने "मूळचे कुठले?" विचारलं, की "कोणत्या साली?" म्हणत. माणूस मोदक टाकून पळे. मी मात्र बसून ऐके. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इथे नवा आलो तेव्हा काकांच्याच घरी जेवलो. एवढा शिकलेला माणूस आपल्याशी बरोबरीने बोलतो, याचंच मला अप्रूप.

म्हणून त्यांच्या ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला गाडी मी चालवली. कार्ड अडलं तर घर विकून परत जायचं होतं. त्यात काकांच्या जन्मदाखल्यावर जिल्हा अकोला आणि पासपोर्टवर वाशीम, कारण मधल्या काळात जिल्हा फुटला होता. वकिलाने बजावलं होतं, विचारलं तरच बोला, थोडक्यात बोला. थोडक्यात, आणि काका!

"प्रशियाचं नाव काढलंत ना, तर तिथेच सोडून येईन, बापा," काकू म्हणाल्या.

"अगं, पण तुलना केल्याशिवाय त्यांना समजणार कसं?"

"काका, प्लीज!" मी जवळजवळ ओरडलो.

दोघं आत गेले. मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालू लागलो. जितका उशीर होई, तितकी खात्री पटे, की काका आता प्रशिया सांगत दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोचले असणार.

शेवटी ते बाहेर आले. काकू वर बघेनात, पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिल्या.

"अप्रूव्ह झालं रे," त्या म्हणाल्या. "त्या ऑफिसर बाईने विचारलंच, दोन जिल्हे कसे? मी डोळेच मिटले. तर हे म्हणतात, गाव तिथेच आहे मॅडम, जिल्हा बदलला. बस! पुढे चकार शब्द नाही."

गाडी रस्त्याला लागली. मी म्हटलं, "काका, आता बोला की मोकळेपणाने."

ते खिडकीबाहेर बघत होते. "युद्धानंतर प्रशियातल्या त्या जिल्ह्यातल्या लोकांना घरं सोडून जावं लागलं. गावं राहिली, माणसं गेली."

इतक्या जेवणांत ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. मी गाडीचा वेग थोडा कमी केला.