मिरचीच्या पथारीवर हिरवं गवत

नंदुरबारला मी चिडून गेले. सहलीला निघणारी माणसं खुशीत असतात, म्हणून आधीच सांगते.

माझा नवरा अविनाश दिवाळीनंतर वारला. त्याचं बालपण नंदुरबारचं. नाशिकच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, त्याने तिथलं स्टेशन उभं केलं होतं. फलाट, सिग्नल, रूळ, सगळं खऱ्याहून सत्त्याऐंशीपट लहान. त्याचा मित्र प्रसन्न हे लेआउट मॉडेल-रेल्वेच्या प्रदर्शनासाठी "जरा आवरून देतो" म्हणाला. आवरून झाल्यावर पाहिलं, तर रुळांलगतचा लाल कोपरा हिरवागार! तिथे रेड ऑक्साइडचा नुसता अस्तराचा हात मारून काम अर्धवट राहिलंय, असं प्रसन्नला वाटलं. त्याने गोंद लावून त्यावर नायलॉनचं गवत पेरलं होतं.

"वहिनी, रुळांशेजारी एवढं लाल काही नसतं. खोटं दिसतं. परीक्षक हसतील."

अविनाश म्हणायचा, ती वाळत घातलेली मिरची आहे. मी ती कधी पाहिली नव्हती, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. उत्तर देता न आल्याचाच राग जास्त आला. प्रदर्शन आठवड्यावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

सटाणा, साक्रीमार्गे जवळजवळ अख्खा दिवस जातो. बायकांना अर्धं तिकीट. साक्रीपुढे मागच्या सीटवर बसू नका, हाडं खिळखिळी होतात. मुक्कामाला स्टँडजवळ साधी लॉज मिळते. जेवणात शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घ्या, पण "कमी तिखट" आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं.

सकाळी रिक्षावाल्याला पथारीवर न्यायला सांगितलं. मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेला इथे पथारी म्हणतात.

"मिरची लेवानी शे का?"

"नाही, बघायची आहे."

"ताई, आठे लोके नाक दाबीसन पळतस, अन् तुम्ही देखाले उन्यात!"

मिरची दिसायच्या आधी घशात उतरली. मग दिसली. रुळांच्या कुंपणापर्यंत नुसतं लाल. कालची मिरची चकचकीत, जुनी काळपट, मधून चालायला अरुंद वाटा. अविनाशने केलं होतं ते याच्यापुढे फिकंच होतं. मालकाला विचारून आत गेले. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका ढिगाजवळ बसून देठ खुडत होत्या. त्यातली एक म्हातारी ओरडली,

"ए बाई, तोंड बांध आधी! नहीं ते शिंकी शिंकी मरशी."

मी पदर बांधला आणि फोटो काढू लागले. फोटो कशाला, असं तिने विचारल्यावर नवऱ्याच्या लहानशा स्टेशनाबद्दल सांगितलं.

"त्यामा आम्ही शेतस का?"

"नाही. नुसती मिरची आहे."

"वा रे! मिरची आपली आपलीच वाळस का?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. अविनाशच्या फलाटावर हमाल होता, चहावाला होता, कुत्रंसुद्धा होतं. या बायका नव्हत्या. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तरी मी मनात भांडले.

मालगाडी येईपर्यंत उन्हात थांबले. पुढे मिरची, मागे डबे, असा फोटो काढून तिथूनच प्रसन्नला पाठवला. उत्तर आलं: "सुपर! पण फोटोत खरं वाटतं, मॉडेलमध्ये वाटणार नाही. गवत राहू द्या, छान झालंय."

तुम्ही जाणार असाल तर थंडीत, दुपारच्या आत जा. चष्मा घाला. मिरचीच्या हाताने डोळे चोळू नका, रडू आलं तरी.

घरी येऊन उलथनं घेतलं आणि गवत खरवडायला बसले. वाटलं होतं, खाली अविनाशचा लाल असेल. गोंद पक्का होता. गवताबरोबर लालही सोलून आला. खाली कोरं प्लायवुड राहिलं. त्याने हाताने दिलेला रंग हिरव्या पापुद्र्यांच्या पाठीला चिकटून कचऱ्याच्या सुपलीत पडला होता.

दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. मग फोटो समोर ठेवून तीन लाल रंग कालवले. वाटा सोडल्या. एम-सीलच्या ओबडधोबड बायका केल्या आणि त्यांची तोंडं बांधली.

राग अजून आहे. प्रसन्नला फोन करून सांगितलं, लेआउट प्रदर्शनात येईल. पाटीवर अविनाशचं नाव राहू दे, पण त्या कोपऱ्याखाली माझं लिहा. कोणाला तो खोटा वाटला, तर मला येऊन विचारू दे. मी शेजारीच उभी असेन.