फटाणं कोणाचं

केबलवाल्यांची गाडी भावनगरच्या वडवा भागातल्या एका शेरीत, म्हणजे गल्लीत, शिरली आणि नेमकी लाभुबेनच्या दारासमोर थांबली, तेव्हा लाभुबेन ओट्यावर मेथी निवडत बसली होती. गाडीतून पराग धोळकिया उतरला. शहरातल्या साध्यासुध्या माणसांवर तो दर रविवारी ‘आपली शेरी’ नावाचा कार्यक्रम करायचा. कधी पतंगाचा मांजा घोटणारा, कधी गाठ्या तळणारा, कधी स्मशानात लाकडं रचणारा. भावनगरात त्याला ओळखत नाही असं घर नव्हतं. लाभुबेनने घाईघाईने पदर सारखा केला, मेथीची परात बाजूला सरकवली आणि हसून उभी राहिली.

“मासी,” पराग म्हणाला, “वसंतबेनचं घर शेजारचंच ना?”

झालं! तिथून जे तिच्या पोटात दुखायला लागलं, ते ना ओव्याने राहिलं ना सोड्याने.

आता वसंतबेन म्हणजे कोण, ते सांगितल्याशिवाय हे दुखणं कळायचं नाही. लग्नात मुलीकडच्या बायका वऱ्हाडाची टिंगल करणारी गाणी म्हणतात, त्यांना तिकडे फटाणी म्हणतात. नवऱ्याचा मामा, व्याही, विहीण, कुणालाच सोडायचं नाही. जितकं झोंबेल तितकं चांगलं. वडव्यात कुठेही मांडव पडला की फटाण्यांना वसंतबेन हवीच. तिचा गळा असा की चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जावा, आणि स्पीकर लावायची गरज नाही. ती ओळ म्हणायची, बाकीच्या बायका उचलून धरायच्या. आणि वसंतबेनच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, कोण बसायचं? लाभुबेन.

शब्द लाभुबेनचे असायचे. सगळेच्या सगळे! वऱ्हाड दारात आलं की तिची नजर भिरभिरायची. कुणाचा कोट आखूड आहे, कोण तिसऱ्यांदा मोहनथाळ मागतोय, कोणी केसांना कलप लावलाय आणि कपाळावर ओघळलाय. बायका मागची ओळ उचलेपर्यंत पुढची जुळलेली असायची. ती वसंतबेनच्या कानात पुटपुटायची आणि वसंतबेन, एकदाच ऐकून, विचारही न करता गळा सोडायची. लाभुबेनचा स्वतःचा आवाज म्हणजे फुटकी थाळी. तिने गायला तोंड उघडलं की तिचा नवरासुद्धा म्हणायचा, “राहू दे गं, वरचा मजला भाड्याने द्यायचाय.”

एवढी वर्षं हे चाललं होतं. वाहवा झाली की लोकांचे डोळे वसंतकडे. साडी मिळायची तीही वसंतला जरीची, लाभुला ‘तुम्हालाही घ्या हं’ म्हणून साधी. लाभुबेनने ते सगळं गिळलं. पण टीव्ही? टीव्हीवरही हीच?

दोन दिवस शूटिंग चाललं. वसंतबेनला झोपाळ्यावर बसवलं, दिवे लावले, तिच्या विधवेच्या फिकट साडीवर कॅमेऱ्यात रंग उठत नाही म्हणून शेजारणीची मोरपिशी शाल तिच्या खांद्यावर टाकली. शाल लाभुबेनचीच होती! तीही मागून नेली. बायकांना मागे ओळीत बसवलं. पराग म्हणाला, “लाभुमासी, तुम्ही जरा आणखी मागे सरका, तुमचं डोकं फ्रेममध्ये येतंय.”

लाभुबेन सरकली. भिंतीला टेकेपर्यंत सरकली.

“वसंतमासी,” परागने माईक पुढे केला, “हे शब्द तुम्हाला सुचतात तरी कुठून?”

लाभुबेनने कान टवकारले. आता तरी बोल. आता तरी माझं नाव घे, मेले.

वसंतबेन झोपाळ्याला पायाने एक झोका देत हसली. “कुठून म्हणजे? मांडवात बसलं की येतात. सगळ्या बायकांचं असतं ते.”

खरं तर वसंतबेन रीतीला धरून बोलली होती. फटाणं कोणी जुळवलं हे कधी सांगायचं नसतं. मुलीची बाजू गाते, मुलाची बाजू चडफडते, आणि पाठवणीच्या रडारडीत ते सगळं धुऊन जातं. नाव कळलं की टिंगल उरत नाही, वैर होतं. हे लाभुबेनला कळत नव्हतं असं नाही. तिनेच नव्या सुनांना ते शिकवलं होतं. पण मत्सराने डोकं भणभणलं की माणसाला स्वतःचं शिकवलेलंही आठवत नाही. येतात म्हणे! सगळ्या बायकांचं म्हणे! अगं, त्या बाकीच्या बायकांना धड भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, त्या फटाणी जुळवणार?

दुसऱ्या दिवशी सामान आवरून पराग निघाला, तर लाभुबेन दारात उभीच. “चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. आणि हे बघ भाई, तो कॅमेरा बंद करू नकोस.”

चहाची बशी त्याच्या हातात देता देता तिने सगळं सांगून टाकलं. कान, पुटपुटणं, डावा हात, अर्धं पाऊल मागे, सगळं. परागचे डोळे चमकले. असला मसाला त्याला कुठल्या गाठ्यावाल्याकडे मिळाला नव्हता.

“मग मासी, तुमचं सगळ्यात जमलेलं फटाणं कुठलं?”

इथे ती क्षणभर थांबली. थांबली, हे सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. मग शेजारून वसंतबेनच्या घरातला हशा ऐकू आला. कुणीतरी तिला म्हणत होतं, “आता तू तर हिरॉइन झालीस, वसंतबा!” लाभुबेनने फुटक्या आवाजात, पण एकेक शब्द चावून म्हटलं:

“विहीण बसली पाटावर, सोनं मिरवी अंगभर,
व्याही बसला दारावर, नजर त्याची जोड्यांवर!”

पराग चहा सांडेपर्यंत हसला. “कोणाच्या लग्नातलं हे?”

“माझ्याच कोकिळाच्या. नवऱ्याचे जोडे मेहुण्यांनी पळवू नयेत, पैसे द्यायला लागू नयेत, म्हणून आमचे व्याही स्वतः उंबऱ्यावर राखण करत बसले होते. सगळ्या गावाने पाहिलंय!”

मुलीच्या आईने स्वतःच्या व्याह्यांवर फटाणं जुळवायचं नसतं. आईने त्या दिवशी हात जोडून उभं राहायचं असतं. लाभुबेनही हात जोडूनच उभी होती, फक्त वसंतबेनच्या कानाजवळ.

रविवारी सगळी शेरी भूपतभाई हिरेवाल्याच्या मोठ्या टीव्हीपुढे जमली. वसंतबेन झोपाळ्यावर दिसली तेव्हा टाळ्या पडल्या. मग मध्येच लाभुबेन आली, बशी, फुटका आवाज, फटाणं. बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. “हाय हाय, हे सगळं तुझं होतं का गं लाभु? आणि आम्हाला पत्ता नाही!” लाभुबेनला वाटलं, आता मेले तरी चालेल. इतकं हलकं तिला कोकिळाच्या जन्मानंतरही वाटलं नव्हतं.

वसंतबेन मात्र हसत नव्हती. ती हळूच म्हणाली, “लाभु, अगं हे काय करून बसलीस?”

“का? आता तुझ्या पोटात दुखायला लागलं?”

 वसंतबेनने मागून नेलेली शाल घडी करून लाभुबेनच्या मांडीवर ठेवली आणि ती उठून गेली.

सोमवारी सकाळी कोकिळा दारात. हातात बॅग, बरोबर धाकटी मुलगी. डोळे सुजलेले.

“आई, तू काय केलंस? सासूबाईंनी कार्यक्रम बघितला. म्हणाल्या, ज्या बाईने माझ्या नवऱ्याचं नाव मातीत घातलं, तिच्या लेकीने माझ्या घरात पाणी भरायचं नाही. हे मध्ये पडले, तर त्यांनाही म्हणाल्या, तूही जा.”

नाव मातीत घातलं, हे काही वाढवून सांगितलेलं नव्हतं. त्या लग्नानंतर कोकिळाचे सासरे कृष्णनगरात ‘जोडेवाले’ झाले ते झालेच. बँकेत, देवळात, रिक्षा स्टँडवर, कुठेही. पोरं मुद्दाम त्यांच्यासमोर चपला काढून म्हणायची, “काका, जरा लक्ष ठेवा.” दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हाही बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, आलेला कोणीतरी दाराबाहेरचा चपलांचा ढीग बघून फिसकन हसला होता, आणि ते त्यांच्या बायकोने, रळियातबेनने, ऐकलं होतं.

त्या बेसण्याला वसंतबेनही गेली होती. रळियातबेनने तिला सगळ्यांदेखत उंबऱ्यावरून परत पाठवलं. कोकिळाच्या ओटीभरणालाही तिला बोलावलं नव्हतं. गळा तिचा होता, म्हणजे शब्दही तिचेच, असं रळियातबेन धरून चालली होती. वसंतबेनने एकदाही तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा लाभुबेनला बरंच वाटलं होतं. म्हटलं, सगळीकडे मिरवते, एका दारात तरी अडली.

कोकिळाचं रडणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. वसंतबेन पायात चपला सरकवूनच आली.

“चल.”

“कुठे?”

“विहिणीकडे. आणि लाभु, मी काय बोलेन त्यावर फक्त मान हलवायची. आयुष्यभर मी तुझं ऐकलं, आज तू माझं ऐक.”

रिक्षा कृष्णनगरात विहिणीच्या फाटकाशी थांबली. रळियातबेन दार उघडून आडवी उभी राहिली. वसंतबेनने उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली.

“रळियातबेन, शिव्या द्यायच्या तर मला द्या. ते फटाणं माझं. ह्या बाईला कोण विचारतंय? दोन दिवस माझ्या घरी टीव्हीवाले आले, तर हिला झोप लागेना. म्हणून माझं श्रेय लाटायला गेली, आणि लाटायला काय सापडलं तर नेमकं हेच! अक्कल म्हणून नाही. शेरीत विचारा कुणालाही, कशी जळते माझ्यावर.”

रळियातबेनने लाभुबेनकडे पाहिलं. “खरं?”

 लाभुबेनच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली ओळ होती ती. मांडव क्षणभर गप्प झाला होता आणि मग फुटला होता, तो आवाज तिच्या कानात अजून होता. तिकडे वडव्यात कोकिळा बॅग न उघडता बसली होती.

“हो,” ती म्हणाली. “तिचंच आहे. मला टीव्हीवर यायचं होतं.”

“वाटलंच मला,” रळियातबेनने सुस्कारा सोडला आणि दारातून बाजूला झाली. “रात्रभर मीही हाच विचार करत होते. म्हटलं, लाभुबेन काय, गरीब गाय. तिला असलं कुठून सुचणार? या आत. कोकिळाला फोन करा, म्हणावं दुपारच्या रोटल्या इथेच थाप.”

वसंतबेनला तिने आत बोलावलं नाही. वसंतबेनही थांबली नाही. पायऱ्या उतरून, फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. लाभुबेनला वाटलं, धावत जावं आणि तिचे पाय धरावेत. आणि त्याच वेळी, शपथेवर सांगते, तिचा इतका राग आला की विचारू नका. वाहवा घेतली हिनेच, शिव्या खाल्ल्या हिनेच, आणि आता मोठेपणाही हिनेच घेऊन टाकला. लाभुबेनसाठी मागे काही ठेवलंच नाही.

रळियातबेनने चहा आणला, बरोबर मेथीचे थेपले. नवऱ्याच्या फोटोकडे बघत बसली. मग तोंडाला पदर लावून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बारीकसं हसली.

“एक सांगू विहीणबाई? मेलीने छळलं खरं, पण जुळवलं मात्र झकास होतं हं. नजर त्याची जोड्यांवर! खरंच तसेच बसले होते हो ते. असं डोकं लाखात एखाद्या बाईला असतं.”

लाभुबेनने बशी खाली ठेवली. खिडकीतून बाहेर कडुलिंबाखाली उभी असलेली वसंतबेन दिसत होती.

“हो,” ती म्हणाली. “वसंतचं डोकं पहिल्यापासूनच तसं.”