एक मिस कॉल

स्वाइन फ्लूच्या साथीत नवीन पनवेलमधलं, दहावीला नापास झालेल्या मुलांना धीर देणारं केंद्र बंद झालं. तिथल्या ताई मग रोज संध्याकाळी आमच्या सेक्टरच्या बागेत येऊन बसत. नाकाला रुमाल, मांडीवर छोटा मोबाइल. फोन एकदा वाजून थांबे. त्या उचलत नसत; नुसती मान डोलावून म्हणत, "हां, बरा हाय."

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "अहो, उचला की!"

"उचलायचा नाय," त्या हसल्या. बोलण्यात करंजा बंदराकडचा हेल होता. "पोरांना सांगितलंय, बरे असाल तर एक मिस कॉल द्या. बोलावंसं वाटलं तर दोन द्या, मी फोन करते. मनातलं सांगाया जमत नाय त्यांना. वाजवाया तरी जमतं."

एकदा अंधारून आलं तरी त्या उठेनात.

"गव्हाणच्या पोराचा नाय आला," म्हणाल्या. त्याला फोन लावला, तर बंद. त्यांनी रुमाल घट्ट केला, चपला पायांत सरकवल्या आणि एसटी स्टँडची वाट धरली.

वाजलेला एकही फोन त्या बाईने माझ्यासमोर उचलला नव्हता. न वाजलेल्यासाठी मात्र ती गव्हाणला निघाली होती.